तीन मीटर साठ

यंत्र स्वतःच्या मनाचं काही सांगत नाही, त्याला जे सांगावं तेच ते खरं धरून चालतं, आणि म्हणून आणीबाणीच्या वेळी माणसाने माणसावर नव्हे तर यंत्रावर विश्वास ठेवावा, असं निरीक्षक स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून म्हणाले आणि त्यांनी घरगाडी तिसऱ्यांदा रंगाच्या त्याच दुकानावरून नेली.

दुकानदार आता बाहेर येऊन उभा होता. पहिल्या खेपेला त्याने नुसतं पाहिलं होतं. दुसऱ्या खेपेला ओळखीचा हात हलवला होता. या खेपेला त्याने आतून आणखी एकाला दाखवायला बोलावून आणलं होतं.

"दोनशे मीटरवर उजवीकडे वळा," यंत्र म्हणालं.

"उजवीकडे रेल्वेचं फाटक आहे," लिफ्टवाला म्हणाला. "फाटक बंद आहे. त्यावर महिनाभर दुरुस्ती चालणार अशी पाटी आहे. आपण ती दोनदा वाचली."

"यंत्रातल्या बाईंना ते माहीत नाही."

"बाईंना माहीत नाही, पण आपल्याला माहीत आहे ना, साडूभाऊ?"

निरीक्षक उजवीकडे वळले.

तीन वाजायला दहा मिनिटं कमी होती. मागे, जेवायच्या घडीच्या टेबलाशी, दोघी बहिणी समोरासमोर बसल्या होत्या आणि मध्ये ठेवलेल्या फोनकडे, उतू जाणाऱ्या दुधाकडे पाहावं तशा पाहत होत्या. ताई ही निरीक्षकांची बायको. ती एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळायची. छोटी ही लिफ्टवाल्याची. छोटी पन्नाशीला आली होती, शिवणकामाचं स्वतःचं दुकान चालवत होती, पण घरात छोटीच होती. घरगाडी दोन्ही साडूंनी मिळून घेतली होती आणि ही तिची पहिलीच सफर होती. एका तळ्याकाठी चार दिवस राहायचं, पाण्याकडे बघायचं आणि परत यायचं, असा बेत होता. दोन दिवस पाण्याकडे बघून झाल्यावर काल संध्याकाळी ताईला आईचा फोन आला.

"उद्या चार वाजता मला आत नेणार आहेत," आई म्हणाली होती. "हृदयाची झडप बदलायची आहे. म्हणजे मोठं काही नाही. पण त्याआधी तुम्ही दोघी नजरेला पडलात तर बरं."

आईने इतकं मागितल्याचं दोघींनाही आठवत नव्हतं. ती मागणाऱ्यांतली नव्हती, नाकारणाऱ्यांतली होती. तीन आठवड्यांपूर्वी ती न्हाणीघरात पडली तेव्हा छोटीने तिला आपल्याकडे राहायला बोलावलं होतं. आईने नाकारलं. शब्दाला शब्द वाढला आणि शेवटी छोटी म्हणाली होती, "मग पुन्हा पडलीस तर मला सांगू नकोस." आणि आई पलीकडून काहीतरी बोलत असतानाच तिने फोन ठेवला होता.

आई पलीकडून काय बोलत होती, ते छोटीला अजून कळलं नव्हतं. त्यानंतर फोन ना तिने केला, ना आईने. कालचा फोनही ताईलाच आला होता. म्हणून छोटीला चारच्या आधीची पाच मिनिटं हवी होती. चारनंतर ती मिळतीलच असं डॉक्टरसुद्धा लिहून देत नव्हते.

गाडी फाटकाशी थांबली. फाटक बंद होतं.

*

आता या बाईंबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्या घरात येण्यासाठी चार महिने लागले होते. लग्नाच्या बाबतीत ताईला तेवढे लागले नव्हते.

"फोनमध्ये नकाशा असताना वेगळं यंत्र कशाला?" असं लिफ्टवाल्याने सुरुवातीला विचारलं होतं. त्यावर निरीक्षक त्याला गाडीत घालून एका गॅरेजमध्ये घेऊन गेले होते. तिथे कुणाची तरी घरगाडी उभी होती. फोनवरच्या नकाशाने तिला एका बुटक्या पुलाखालून नेलं होतं आणि पुलाने तिचं छप्पर पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडावं तसं मागपर्यंत उघडलं होतं. आतले कप अजून कपाटात ओळीने टांगलेले दिसत होते. दोघे साडू मयताला आल्यासारखे हात बांधून थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले.

त्यानंतर निरीक्षकांनी तक्ता केला. नऊ यंत्रं, चौदा रकाने. पडदा केवढा, नकाशे किती वर्षं ताजे मिळणार, चढ आधी सांगतं का, अरुंद गल्ली टाळतं का. निरीक्षकांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली होती. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले होते आणि पाच ग्रॅमच्या फरकासाठी मोठमोठ्या दुकानांना टाळं लावलं होतं. त्यामुळे दुकानात विक्रेत्याने एक यंत्र चालू केलं आणि त्या यंत्राने स्वतःहून गाडीची उंची, रुंदी, लांबी, वजन आणि आत गॅसची टाकी आहे की नाही असं ओळीने विचारलं, तेव्हा निरीक्षकांचा चेहरा बदलला.

"ज्याला माप विचारावंसं वाटतं, ते यंत्र गंभीर आहे," ते म्हणाले.

आवाज निवडायला आणखी एक आठवडा गेला. शेवटी जो घेतला तो एखाद्या मुख्याध्यापिकेचा वाटायचा. आवाज न चढवता तेच गणित शंभरदा करायला लावणारा. म्हणून बाई.

बाईंच्या उंचीच्या चौकटीत काय भरायचं, हा मात्र खरा प्रश्न होता. कंपनीने दारावर दोन मीटर पंच्याण्णव असं लिहिलं होतं, पण नंतर छतावर एसी बसवून घेतला होता, म्हणजे कंपनीचा आकडा बाद. "मी मोजतो," निरीक्षक म्हणाले. दुसरं कोण मोजणार होतं? एका रविवारी सकाळी ते टेप घेऊन एकटेच गाडीकडे गेले आणि तासाभराने एक चिठ्ठी घेऊन आले. चिठ्ठीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, तीन मीटर पंचवीस. खाली सही होती.

*

फाटकाशेजारच्या खोलीतून फाटकवाला बाहेर आला. त्याच्या हातात चहाचा कप होता.

"परत आलात," तो म्हणाला.

"रुग्णालयात जायचंय," लिफ्टवाला खिडकीतून म्हणाला. "रुळांच्या पलीकडे."

"ते दिसतंय इथून. ती पिवळी इमारत." फाटकवाल्याने कपानेच दाखवलं. इमारत खरोखरच दिसत होती. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावत होतं. "पण फाटक महिनाभर उघडायचं नाही. सगळे भुयारी रस्त्याने जातात, इथून डावीकडे अर्धा किलोमीटर. नाहीतर मग परत महामार्गाला जा आणि मोठ्या पुलावरून या. शेहेचाळीस किलोमीटर पडेल. तुमची उंची किती?"

"तीन मीटर साठ," लिफ्टवाल्याने पडद्यावरचं वाचून सांगितलं.

"तीन पंचवीस," निरीक्षक त्याच वेळी म्हणाले.

फाटकवाल्याने चहाचा घोट घेतला. "आधी आपसात ठरवा," तो म्हणाला. "भुयार तीन तीसचं आहे."

तो आत गेला. निरीक्षकांनी यंत्र त्याच्या खुंटीवरून काढलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि पडदा नाकाजवळ नेला.

"मी सव्वातीन लिहून दिलं होतं," ते म्हणाले. "सही करून."

"हो," लिफ्टवाला म्हणाला. "यंत्रात मी भरलं."

"मग?"

"मग मी दहा वाढवले."

"का?"

"सवय आहे हो. आठ माणसांची लिफ्ट असली की आम्ही दोर आठांचा लावत नाही. जास्तीचा लावतो."

"म्हणजे माझ्या मापावर तुमचा विश्वास नव्हता."

"विश्वास होता. म्हणून तर दहाच वाढवले."

निरीक्षकांनी हे गिळलं. त्यांची हनुवटी थोडी हलली, बाकी चेहरा जागच्या जागी होता.

"तीन पस्तीस झाले," ते म्हणाले. "हे तीन साठ आहे."

मागून ताईने खाकरून घेतलं.

"एकदा ते टेबलावर पडलं होतं," ती म्हणाली. "चालू केलं की दरवेळी विचारतं, हीच उंची बरोबर आहे का म्हणून. इतक्यांदा विचारल्यावर माणसाला वाटतं, नसेल. मी पंधरा वाढवले."

"पंधरा."

"पन्नास जण जेवायला आहेत म्हणून कळवतात तेव्हा मी साठांचं रांधते. आजपर्यंत कुणी उपाशी उठलेलं नाही."

"उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी चालतं," निरीक्षक म्हणाले. "उरलेली उंची कुठे ठेवायची?"

"ओरडू नका."

"मी ओरडत नाहीये."

ते ओरडत नव्हते हे खरं होतं. छोटी टेबलावरच्या फोनची कड नखाने खरवडत होती. तीन वाजून चार मिनिटं झाली होती.

"राहिलेले दहा माझे," ती म्हणाली. "मी बघितलं तेव्हा साडेतीन दिसलं. साडेतीन म्हणजे कुणीतरी अंदाजाने ठोकून दिलेला आकडा वाटला. गिऱ्हाइकाने तोंडी माप सांगितलं तर मी शिवणीत माया सोडतेच. उसवून मोठं करता येतं, कापड वाढवता येत नाही."

"चौघांपैकी कुणीच कुणाला सांगितलं नाही," निरीक्षक म्हणाले.

"तुम्ही चिडला असता," ताई म्हणाली.

सकाळपासूनचा प्रवास आता सगळ्यांच्या डोळ्यांपुढून पुन्हा एकदा गेला. फोनवरचा नकाशा अकरा वाजता पोचाल असं म्हणत होता आणि बाई दीड म्हणत होत्या. फोनला उंची कळत नाही, असं सांगून निरीक्षकांनी तो उलटा ठेवायला लावला होता. मग बाईंनी त्यांना शेताशेतांतून, धरणाच्या भिंतीवरून, एका शाळेच्या आवारातून आणि एका सिमेंटच्या कारखान्याला प्रदक्षिणा घालून आणलं. प्रत्येक बऱ्या रस्त्यावर कुठेतरी एक पूल होता आणि प्रत्येक पुलाखालून तीन मीटर साठची गाडी जात नव्हती. अशी गाडी अस्तित्वात नव्हती, पण बाईंनी तिला अगदी सांभाळून आणलं होतं.

छोटीने वजाबाकी बोटांवर केली.

"म्हणजे आपण सव्वातीनच आहोत," ती म्हणाली. "भुयार तीन तीस. पाच सेंटीमीटर सुटतात. चला भावोजी."

निरीक्षकांनी गाडी सुरू केली नाही.

"पाच म्हणजे काही नाही," ते म्हणाले.

"तुम्ही पाच ग्रॅमसाठी दुकानं बंद केलीत," लिफ्टवाला म्हणाला. "पाच सेंटीमीटर तर तुमच्या हिशेबाने मैदान झालं."

"ते वेगळं."

"वेगळं काय त्यात? माप तुमचं आहे ना?"

निरीक्षकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. एक काच झाली, दुसरी झाली, मग पुन्हा पहिली घेतली. ताईने आरशातून नवऱ्याकडे पाहिलं. मग तिने मान वळवली आणि खिडकीतून त्या पिवळ्या इमारतीकडे बघत राहिली.

"मागे जाऊन महामार्गाने गेलो तर?" निरीक्षक म्हणाले.

"सव्वाचार," छोटी म्हणाली. तिचा आवाज शिवणयंत्राचा दोरा तुटल्यावर होतो तसा, एकदम थांबल्यासारखा झाला होता. "भावोजी, मला चारच्या आत जायचंय. हवं तर मी इथे उतरते आणि रुळांवरून चालत जाते."

"रुळांना कुंपण आहे," लिफ्टवाला म्हणाला.

निरीक्षकांनी चष्मा घातला आणि गाडी डावीकडे घेतली.

*

भुयाराच्या तोंडावर लोखंडी आडवी पट्टी होती आणि पट्टीवर पिवळ्या रंगात ३.३ असं लिहिलं होतं. पट्टीला खाली तीन-चार ठिकाणी चकचकीत चरे पडले होते. आपल्या आधी कुणीतरी हा प्रयोग करून बघितला आहे, हे त्यावरून कळत होतं.

घरगाडी पट्टीपासून चार हातांवर थांबली. मागे लगेच एक टेम्पो येऊन उभा राहिला, त्याच्यामागे दोन मोटारी.

"मी वर जाऊन एकदा बघतो," लिफ्टवाला दार उघडत म्हणाला.

"कशाला? मी मोजलंय." निरीक्षकांचा आवाज पहिल्यांदाच चढला. मग ते खाली उतरले, गाडीच्या मागच्या बाजूला गेले आणि छताला जाणाऱ्या शिडीच्या पहिल्या पायरीवर हात ठेवून उभे राहिले. "शिडी घसरडी आहे," ते म्हणाले.

"माझा जन्म लिफ्टच्या खड्ड्यात गेला, साडूभाऊ. सरका थोडे."

ते सरकले. लिफ्टवाला टेप खिशात घालून वर चढला.

छतावर धूळ होती. नुसती धूळ नव्हती, धुळीची साय होती, सलग, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. तीत सुकलेली पानं चिकटून बसली होती आणि एका कोपऱ्यात पक्ष्यांनी आपलं काम करून ठेवलं होतं. एसीच्या झाकणावरचा कंपनीचा पातळ प्लास्टिकचा कागदसुद्धा कुणी काढलेला नव्हता. एसी बसवणाऱ्याच्या पंजाचा ठसा धुळीखाली पुसट दिसत होता. त्यानंतर तिथे हात, गुडघा, टेप, काहीही टेकलेलं नव्हतं. लिफ्टवाला धुळीत चालला तेव्हा त्याच्या मागे पावलं उमटत गेली, आणि ती पहिलीच होती.

तो एसीशी गुडघे टेकून बसला. टेपचं टोक त्याने खाली सोडलं. छोटीने ते रस्त्यावर टेकवून धरलं.

"घट्ट धरलंस?"

"धरलंय."

त्याने आकडा वाचला. टेप गुंडाळली, पुन्हा सोडली, छोटीला टोक पुन्हा टेकवायला लावलं आणि पुन्हा वाचला. तीन मीटर एकतीस.

मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. "काय राव, मुक्कामाला आलात का?" तो ओरडला.

"घर घेऊनच आलेत," त्याच्या शेजारचा म्हणाला.

लिफ्टवाला छतावर तसाच बसून राहिला. तिथून त्याला खाली निरीक्षकांचा टक्कल पडलेला माथा दिसत होता. निरीक्षक वर बघत नव्हते. एका हाताने त्यांनी शिडीची दांडी धरली होती आणि ते स्वतःच्या बुटांकडे बघत होते. गेल्या वर्षी लिफ्टवाल्याच्या इमारतीची लिफ्ट बिघडली होती. लिफ्टवाल्याच्या इमारतीची लिफ्ट म्हणून चौघं पोट धरून हसले होते. त्या दिवशी तिघं उघड्या जिन्याने चौथ्या मजल्यावर गेले आणि निरीक्षक खाली बाकावर दीड तास वर्तमानपत्र वाचत बसले. गुडघे दुखतात, म्हणाले होते. वर्तमानपत्र आदल्या दिवशीचं होतं. लिफ्टमध्ये उंचीला घाबरणारी माणसं लिफ्टवाल्याने हजारांनी पाहिली होती. ती नेहमी बुटांकडे बघतात. पण घरातल्या माणसाकडे कुणी असं निरखून बघत नाही.

"किती?" छोटीने खालून विचारलं.

निरीक्षकांची मान हलली नाही.

"तीन पंचवीस," लिफ्टवाला म्हणाला.

"नक्की?"

"काट्यावर तीन पंचवीस. भावोजींनी लिहिलं होतं तेवढंच."

तो खाली उतरला. छोटी आत पळाली. दोघे साडू शिडीशी उरले. लिफ्टवाल्याने हात झटकले आणि आवाज खाली आणला.

"चाकांतली थोडी हवा सोडू या," तो म्हणाला.

"कशाला?"

"आतला रस्ता मध्ये फुगलाय असं वाटतं. उगाच धोका नको."

निरीक्षकांनी पट्टीकडे पाहिलं. मग लिफ्टवाल्याच्या पँटकडे. गुडघ्यांवर धुळीचे दोन गोल उमटले होते.

"किती सोडायची?" त्यांनी विचारलं.

"गाडी तीन सेंटीमीटर बसेल एवढी."

निरीक्षकांना कागदपेन्सिल लागत नसे. सव्वातीनच्या गाडीला तीन तीसच्या भुयारात तीन सेंटीमीटर बसायची काही गरज नसते. टेम्पोवाल्याने पुन्हा हॉर्न दिला, या वेळी जरा लांबवून.

"तीन," ते म्हणाले. "मग चार सोडू."

आणि ते स्वतःच पुढच्या चाकापाशी, रस्त्यावरच्या तेलाच्या डागात, गुडघे टेकून बसले.

*

हवा सोडायला बारा मिनिटं लागली. या बारा मिनिटांत मागची रांग वळणापर्यंत गेली आणि लोक उतरून बघायला आले. एकाने सल्ला दिला, दुसऱ्याने त्याचा सल्ला खोडला, आणि तिसऱ्याने कुणाला तरी फोन लावून गाडीचं वर्णन केलं. निरीक्षक एकेका चाकाशी वाकून नळीवर नखाने दाब देत होते आणि दर थोड्या वेळाने टेपने जमिनीपासूनचं अंतर मोजत होते.

भुयारात एका बाजूने पायी जाणाऱ्यांसाठी उंच कट्टा होता. लिफ्टवाला तिथे चढला. तिथून त्याला गाडीचं छत जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत दिसत होतं.

"या," तो म्हणाला. "या. या. सरळ."

गाडी पट्टीखाली शिरली. पट्टी आणि एसी यांच्यामध्ये प्रकाशाची एक सुतळी होती.

"शक्य असेल तिथे मागे वळा," बाई म्हणाल्या.

"त्यांना गप्प करा कुणीतरी," निरीक्षक म्हणाले. त्यांची नजर समोरून हलली नाही.

ताई मागून पुढे वाकली, पण तिला बटण सापडेना. तिने बाईंवर टॉवेल टाकला. बाई टॉवेलखालूनही तितक्याच शांतपणे मागे वळायला सांगत राहिल्या.

भुयाराच्या मध्यावर खर्र असा आवाज झाला. छोटीने डोळे मिटले. निरीक्षकांनी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. मागे कुणी हॉर्न दिला नाही.

लिफ्टवाल्याने कट्ट्यावर टाचा उंचावल्या आणि एक डोळा मिटून पाहिलं. वरून एक तुळई थोडी खाली उतरली होती. एसीच्या झाकणावरचा तो कंपनीचा कागद तिला लागून फाटला होता आणि लोंबत होता. कागदाखालचं झाकण आणि तुळई यांच्यात अजून फट होती. बोट गेलं असतं, अंगठा गेला नसता.

"साडूभाऊ."

"बोला."

"दोन बोटं डावीकडे घ्या. मग सरळ. मध्ये थांबू नका."

"किती सुटतंय?"

लिफ्टवाल्याने क्षणभर विचार केला.

"पाच," तो म्हणाला.

निरीक्षकांनी स्टिअरिंग दोन बोटं डावीकडे घेतलं. गाडी चालण्याऐवजी जणू श्वास सोडत पुढे सरकली. एकदा खर्र झालं, एकदा काहीच नाही, आणि मग समोरच्या काचेवर एकदम ऊन पडलं. मागून दोन-तीन टाळ्या ऐकू आल्या. टेम्पोवाल्याची टाळी सगळ्यात मोठी होती, कारण आता त्याला जाता येणार होतं.

लिफ्टवाला पळत येऊन आत चढला. छोटी रडत होती, पण घड्याळाकडे बघत रडत होती. तीन अडतीस.

"चला, चला," ती म्हणाली.

बसक्या चाकांची गाडी सैल झालेल्या पायजम्यासारखी हलत निघाली. मग निरीक्षक, समोर बघतच, म्हणाले,

"वर धूळ बरीच असेल."

"नाही," लिफ्टवाला म्हणाला. "फारशी नव्हती."

ताई मागून उठली. तिने पुढे वाकून लिफ्टवाल्याच्या पँटचे दोन्ही गुडघे ओल्या फडक्याने खसाखसा पुसले, फडकं घडी करून कपाटात ठेवलं आणि परत जागेवर जाऊन बसली.

*

रुग्णालयाच्या आवारात गाडी शिरली तेव्हा चारला नऊ मिनिटं होती. गाडी नीट लागायच्या आतच छोटी उतरली. लिफ्टची वाट न बघता ती जिन्याने तीन मजले चढली. तिची एक चप्पल दुसऱ्या मजल्यावर राहिली. मागून येणाऱ्या ताईने ती उचलून आणली.

आई सातव्या खाटेवर उशीला टेकून बसली होती आणि खिडकीतून आवारातल्या घरगाडीकडे बघत होती.

"ती बसकी गाडी तुमची का?" तिने विचारलं.

छोटीने तिचा हात धरला. तिला धाप लागली होती आणि बोलायचं म्हणून सकाळपासून जे तयार केलं होतं त्यातला पहिला शब्द जिन्यातच पडला होता.

"आई, मी त्या दिवशी फोन ठेवला."

"हो. ठेवलास."

"तू काय म्हणत होतीस? तेव्हा, मी ठेवला तेव्हा?"

आईने आठवायचा प्रयत्न केला. आठवलं की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

"म्हणत असेन काहीतरी," ती म्हणाली. "बस आधी. हात किती गार आहेत तुझे."

छोटी खाटेच्या कडेवर बसली. तिने आईच्या दंडावर डोकं टेकवलं आणि ते बराच वेळ उचललं नाही. आईने तिच्या केसांतून दोनदा हात फिरवला, मग मानेमागे तिच्या ब्लाउजची शिवण उसवल्याचं तिच्या बोटांना लागलं आणि ती तीच चाचपत राहिली. दोघे साडू लिफ्टने वर आले आणि दाराशीच थांबले. निरीक्षक आत न येता भिंतीला टेकले. चौघांचे कपडे धुळीचे, तेलाचे आणि घामाचे झाले होते. चारला तीन मिनिटं असताना एक परिचारिका थर्मामीटर घेऊन आली.

"आता नेणार ना?" ताईने विचारलं. तिने पदर खोचला. "आम्ही बरोबर दारापर्यंत येऊ शकतो का?"

"कुठे?"

"आत. ऑपरेशनला. चार वाजले."

परिचारिकेने आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

"ऑपरेशन उद्या सकाळी साडेनऊला आहे," परिचारिका म्हणाली. "यांना सोमवारीच सांगितलंय."